शेवटच्या स्टेशनापुढची वाळू

माझा नवरा रूळ जोडायचा. हे वाक्य मी गाडीत, डेपोत, लग्नाच्या मांडवात इतक्यांदा बोलले आहे की ते तोंडातून आपोआप येतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, रेल्वेत आहेत म्हणजे क्वार्टर असेल, पास असेल, पुढं पेन्शन. मग सांगावं लागायचं की रेल्वेत नाहीत, रेल्वेमार्ग बांधणाऱ्या कंपनीत आहेत, आणि काम इथलं नाही, आखातातलं आहे. त्यावर हमखास पुढचा प्रश्न यायचा, तिकडं वाळूत रेल्वे कशाला? याचं धड उत्तर मला बरीच वर्षं देता आलं नाही. तोवर पुढचा थांबा यायचा आणि मी घंटीची दोरी ओढून मोकळी व्हायचे.

मी वाहक आहे, कराड डेपोत. राहायला मलकापूर. माझी नेहमीची गाडी कराडहून सुर्लीचा घाट चढून कडेगाव आणि तिथून पुढं तासगाव. कारखाने सुरू झाले की घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी मुंगीसारखी सरकते. द्राक्षाच्या दिवसांत तासगावच्या अलीकडं बेदाण्याच्या शेडवरनं वारा आला की खिडकीतल्या माणसांना आंबूस-गोड वास येतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दिवसभर माणसांच्या खांद्यांमधून अंग चोरत पुढं-मागं करायचं. घरी आल्यावर गुडघ्यांना तेल चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्रार म्हणून सांगत नाही. पण या दमण्यातूनच पुढचं सगळं बघितलं आहे, म्हणून आधी सांगितलं.

नवऱ्याच्या घरात फौजेत जायची रीत. सासरे हवालदार होऊन पेन्शनीत निघाले, थोरले दीर फौजेत. हे भरतीला गेले तेव्हा तळपाय सपाट निघाले. उंची, छाती, पळणं सगळ्यात पास आणि तळपायात नापास. सासऱ्यांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, पण घरी आलेल्या पाहुण्यांना थोरल्याचं सगळं सांगायचे आणि धाकट्याचं विचारलं तर "हाय की इथंच" एवढंच म्हणायचे. हे इथंच म्हणजे ओगलेवाडीच्या स्टेशनाजवळ लाइनीच्या कामावर होते, एका ठेकेदाराच्या हाताखाली. तिथं खडी टाकण्यापासून सुरुवात करून ते रूळ जोडायला शिकले. आमचं लग्न झालं तेव्हा हाच त्यांचा कामधंदा होता. पुढं त्याच ठेकेदाराकडचा एक फोरमन आखातात गेला आणि त्यानं यांना बोलावून घेतलं. लेक तेव्हा रांगत होती.

तिकडचं काम काय आहे हे मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. देशाच्या पूर्वेला समुद्रावर बंदर आहे. तिथून निघायचं, वाळवंटातून खाणींपर्यंत जायचं, पुढं उत्तरेच्या सरहद्दीपर्यंत. सरहद्दीपलीकडं शेजारच्या देशांनी आपापली लाइन घालायची, की मग ती दुसऱ्या समुद्राला मिळणार आणि तिथून थेट युरोपात. जहाजांना पडणारा मोठा वळसा वाचणार. हे त्यांना इंजिनिअरनं सांगितलेलं, त्यांनी मला सांगितलं आणि मी डेपोतल्या बायकांना. बायका म्हणायच्या, म्हणजे तासगावचा बेदाणा रेल्वेत बसून युरोपला जाईल. मी म्हणायचे, जाईल.

त्यांचं स्वतःचं काम सांगायला सोपं होतं. दोन रुळांच्या टोकांमध्ये बोटभर फट ठेवायची. भोवती साचा बसवायचा, कडा मातीनं लिंपायच्या, टोकं लाल होईस्तोवर तापवायची. वर मुशीत एक पावडर असते, ती पेटवली की बघता बघता लोखंडाचा रस होतो आणि तो फटीत उतरतो. जरा थांबून वर आलेला फुगवटा गरम असतानाच छाटायचा, मग घासून घासून सपाट करायचा. चाक वरून गेलं तर सांधा होता हे चाकाला कळता कामा नये. हे सगळं ऊन चढायच्या आधी, कारण उन्हात रूळ वाढतो. नाहीतर मग थेट ऊन उतरल्यावर.

फोनवर मी विचारायचे, किती झालं? आधी ते तिकडचे आकडे सांगायचे, ते माझ्या डोक्यात बसायचे नाहीत. मग त्यांनीच युक्ती काढली. माझ्या टप्प्यांच्या भाषेत सांगायला लागले. "ह्या महिन्यात सुर्लीचा घाट चढलो." "औंदा तासगावला टेकलो." लाइन तासगावच्याही पुढं गेली, मग सांगली, मिरज करत कर्नाटकात शिरली, तेव्हा माझे टप्पे संपले आणि आम्ही तो खेळ सोडून दिला.

रजा दोन वर्षांतून एकदा. ते यायचे, पहिले काही दिवस झोपायचे, मग पाहुणेरावळे, शेतातली कामं, लेकीच्या शाळेत एक चक्कर, आणि जरा बोलायला सुरुवात होते न होते तोच परतीची बॅग बाहेर निघायची. दर वेळी मी एका अनोळखी माणसाला घरात जागा करून द्यायचे आणि तो ओळखीचा व्हायला लागला की त्याला गाडीत बसवून द्यायचे. सासूबाई वारल्या तेव्हा ते पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. दारात चप्पल काढून आत आले, आईच्या कॉटवर बसले आणि कॉटच्या पट्टीवरनं हात फिरवत राहिले. चौदावं झालं आणि गेले.

एकदा मात्र आम्हाला बोलायला वेळ मिळाला. आमचा संप लांबला होता, गाड्या डेपोत उभ्या होत्या आणि मी घरी. नेमकं तेव्हाच तिकडं मोठ्या कंपनीचं आणि सरकारचं काहीतरी अडलं आणि काम थांबलं. माणसांना कॅम्पात बसवून ठेवलं होतं. परत यावं तर कामावरचं नाव जाणार, राहावं तर काम नाही. असे आम्ही दोघं दोन ठिकाणी रिकामे. रोज सकाळी फोन लागायचा, व्हिडिओवाला. त्यांच्या मागं खिडकीतून निळी पाण्याची टाकी दिसायची, एका बाजूला कललेली. मी भाजी निवडत बोलायचे, ते तिकडं आमटीला फोडणी द्यायचे. त्यांना आमटी करता येते हे मला तेव्हा कळलं. माझे गुडघे कधीपासून दुखतात हे त्यांना तेव्हा कळलं. एक दिवस ते म्हणाले, काम बंद पडल्यापासून कॅम्पात इतकं शांत असतं की स्वतःच्या श्वासाचा त्रास होतो. मी म्हणाले, मग फोन चालूच ठेवा. त्यांनी ठेवला. मी धुणं धुतलं, भांडी घासली, सासऱ्यांना जेवायला वाढलं आणि फोन कट्ट्यावर तसाच उभा. सगळ्या संसारात आम्ही एकमेकांच्या जवळ राहिलो ते तेवढेच दिवस. मग संप मिटला, तिकडचं अडलेलंही मोकळं झालं आणि आमचं बोलणं पुन्हा आठवड्याच्या सुट्टीवर गेलं.

लाइन पुरी झाली, मालगाड्या धावायला लागल्या, नंतर प्रवाशांची गाडीही सुरू झाली. यांना देखभालीच्या कामावर ठेवून घेतलं. एका सुट्टीच्या दिवशी फोनवर म्हणाले, "तू ये एकदा. मी काय केलं ते बघ तरी." इतक्या वर्षांत त्यांनी मला कशासाठीच बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले नाही. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डाव्या हाताला ताकद नव्हती. रजा मिळायची मारामार. पण लेक पुण्यात नोकरीला लागली होती, तिनं व्हिसापासून विमानापर्यंत सगळं परस्पर केलं आणि मला फक्त बॅग भरायला सांगितली. सासऱ्यांना काही दिवस तासगावला नणंदेकडं सोडलं. निघताना त्यांनी विचारलं, "कुठवर जाते ती रेल्वे?" मी म्हणाले, बघून येते आणि सांगते.

विमानतळाबाहेर ते उभे होते. व्हिडिओत दिसायचे त्याहून बारीक. पापण्या सारख्या मिटत होत्या, डोळ्यांच्या कडा लालसर. मला बघून हसले आणि हातातली बॅग घेतली. "दमलीस?" म्हणाले. मी म्हणाले, दमले. त्या दिवशी आम्ही याहून फार काही बोललो नाही. एका मित्रानं त्याची खोली आम्हाला दिली होती. तिथं वरण-भात करून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर गेलो.

स्टेशन चकाचक. फरशी अशी की चप्पल काढावी वाटावी. आवाज नाही, गर्दी नाही. गाडीत प्रत्येकाला आपली जागा, गुडघ्यांपुढं मोकळी जागा. डोक्यावर रुमाल आणि अंगात गणवेश घातलेली एक मुलगी तिकीट तपासायला आली तेव्हा मी उठूनच उभी राहिले. का, ते माझं मलाच कळलं नाही. तिनं नवऱ्याच्या फोनवर बघितलं, मान हलवली आणि पुढं गेली. तिला कुणाच्या खांद्यातून अंग चोरावं लागत नव्हतं. मी तिच्याकडं बराच वेळ बघत होते.

यांनी ठरवून ठेवलं होतं, कुठं काय दाखवायचं. कुठला पूल, कुठं वाळूच्या टेकड्या रुळांवर सरकू नयेत म्हणून कुंपणं घातली, कुठं त्यांच्या गँगनं सगळ्यात जास्त दिवस काढले. आणि तो कॅम्प, निळ्या टाकीचा. तो लाइनीच्या अगदी लगत होता, गाडीतून दिसतो म्हणाले. खिडकीची जागा मला दिली. गाडी हलली, शहराच्या इमारती मागं पडल्या, आणि मी त्यांच्याकडं वळून बघते तर त्यांचे डोळे मिटलेले. पहिल्यांदा वाटलं, डोळ्यांना त्रास होतोय म्हणून मिटलेत. मग तोंड उघडं पडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं.

मी ओशाळून इकडंतिकडं बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. पिशवीतली शाल काढून त्यांच्या अंगावर टाकली, कारण गाडीत गारठा होता, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बाहेर काहीच नव्हतं. कडेगावच्या पूर्वेला गेलं की दुष्काळी माळ लागतो, तिथं निदान बाभळी असतात, मेंढरं असतात, एखादी विहीर असते. इथं वाळू, मग दगड, पुन्हा वाळू. मध्येच उंटांचा एक कळप, मध्येच विजेचे खांब. मला गाडीचा आवाज ऐकायचा होता. लहानपणापासून माझ्या कानांत रेल्वे म्हणजे खडाखडा. ही गाडी तशी वाजतच नव्हती. एकच धीमा घुमारा, विहिरीवरच्या मोटरीसारखा. मी कान देऊन ऐकत होते, एखादा तरी सांधा लागेल म्हणून. एकही लागला नाही. हेच त्यांचं काम होतं, हे मला माहीत होतं. तरी मन खट्टू झालं. एवढी वर्षं माणूस इथं होता, आणि तो कुठं कुठं होता ते हाताला लागत नव्हतं, कानाला लागत नव्हतं.

दुपार व्हायच्या सुमाराला ती टाकी दिसली. निळा रंग उडून पांढरट झाला होता, पण कलणं तेच. शेजारी पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी, दारं उघडी, आत वाळू. फोनमध्ये मी त्या टाकीकडं बघत किती मेथी निवडली, किती शेंगा फोडल्या. माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला. उठवलं असतं तर त्यांना आवडलं असतं. पण ते अशा झोपेत होते, की तसं झोपताना मी त्यांना एकाही रजेत बघितलं नव्हतं. घरी ते झोपायचे, पण दार वाजलं तरी उठून बसायचे. मी हात मागं घेतला. टाकी गेली.

ते जागे झाले तेव्हा ऊन कललं होतं. शाल बाजूला करून त्यांनी बाहेर बघितलं आणि त्यांना कळलं.

"कॅम्प गेला?"

"गेला मघाशीच."

"मला उठवायचं की."

"तुमी झोपला होता."

त्यांनी शालीची घडी घातली. मग सांगायला लागले, की इथं आल्यापासून त्यांना सलग झोप अशी कधी लागलीच नाही. सुरुवातीला काम संपलं तरी डोळ्यांपुढं पेटलेल्या पावडरीचा पांढरा उजेड नाचायचा. पुढं सवयच मोडली. खोलीत सहा-आठ माणसं, प्रत्येकाची पाळी वेगळी, कुणीतरी येतंय, कुणीतरी जातंय. ते काही दुःखाचं सांगत असल्यासारखं सांगत नव्हते, आपल्या गाडीत माणसं पावसापाण्याचं बोलतात तसं सांगत होते. मी म्हणाले, हे मला कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, सांगून काय तू मला तिथं येऊन झोपवणार होतीस?

शेवटचं स्टेशन लहान होतं. उतरणारे थोडेच. माझ्या मनात कुठंतरी असं होतं, की एवढी लांब आलेली गाडी शेवटी समुद्रालाच लागणार. लहान पोरासारखी समजूत, पण होती. फलाटाच्या टोकाला गेलो. तिथं रूळ एका लोखंडी अडथळ्याला टेकून संपले होते. त्याच्यापुढं तारेचं कुंपण, कुंपणापलीकडं थोड्या अंतरापर्यंत खडी टाकलेला भराव, आणि नंतर वाळू.

"समुद्र कुठं हाय?" मी विचारलं.

"त्यो अजून लय लांब हाय," ते म्हणाले.

फलाटावर एका बाकड्यावर बसलो. मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ते खात असताना मला जाणवलं, की ते काहीतरी बोलायचं म्हणून घास लांबवतायत. मग बोलले. पलीकडच्या देशातलं काम आता निघणार आहे. तिथून दुसऱ्या समुद्रापर्यंत. जुन्या माणसांना आधी विचारतायत. आणखी चार-पाच वर्षं जातील. लाइन पुरी झाली तर तो इंजिनिअर म्हणायचा तसं खरंच होईल, इथं बसलेला माणूस युरोपात उतरेल. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर आला. त्यांना ते बघायचं होतं, हे मला दिसत होतं. स्वतःच्या हातानं ज्याचं अर्धं केलं, त्याचं उरलेलं दुसऱ्या कुणी करावं हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

"तुमी मला इचारताय का सांगताय?" मी म्हणाले.

"इचारतोय."

समोर एक माणूस फलाट झाडत होता. वाळू झाडून एका बाजूला करायचा, वारा ती परत आणायचा. मला राग आला नव्हता. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. लेक रांगत होती तेव्हापासून मी कुणीतरी येणार म्हणून घरातल्या सगळ्या गोष्टी ठेवून देत आले होते. चांगली चादर ठेवून दिली, घराला रंग द्यायचा ठेवून दिला, गुडघ्यांचं दुखणं ठेवून दिलं, भांडणंसुद्धा ठेवून दिली, की रजेत आल्यावर भांडू. रजेत ते आले की भांडायला जीव व्हायचा नाही.

"तुमाला जायचं आसंल तर जावा," मी म्हणाले. "यायचं आसंल तर या. दोन्ही तुमचंच हाय. पर मी आता वाट बघणार न्हाई. गेला तर गेला आसं धरून मी माझं चालवीन. पुन्यांदा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते."

त्यांनी हातातली दशमी कागदावर ठेवली. "रागावून बोलतीस का?"

"न्हाई. दमून बोलते."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. मी पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत निघालो. येताना ते जागे होते आणि मी झोपले. कॅम्प पुन्हा कधी गेला, त्यांनी बघितला की नाही, मला माहीत नाही.

मलकापूरला परत येऊन मी कामावर रुजू झाले. लेकीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तू असं बोललीस? मी म्हणाले, बोलले. तासगावहून सासऱ्यांना आणायला गेले तेव्हा त्यांनी आठवणीनं विचारलं, गाडी कुठवर जाते? मी सांगितलं, सरहद्दीपर्यंत. म्हाताऱ्यानं मान हलवली. "म्हंजे सरहद्दीपतूर काम केलं पोरानं," एवढं म्हणाले आणि चांगला हात टेकून उठले. यांना ते मी फोनवर सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढच्या दिवसांत मी खरोखरच वाट बघायची सोडायचा सराव करत होते. चांगली चादर काढून रोजच्या वापराला घेतली. डॉक्टरकडं जाऊन गुडघ्यांचे फोटो काढले. डेपोत मुक्कामाची गाडी नको म्हणून अर्ज केला होता, तो मागं घेतला, घरी बसून तरी काय करायचं म्हणून. आणि एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, मी येतोय. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, ठरवलं का मग? ते म्हणाले, ठरवायचं काय, नव्या कामाआधी तपासणी असते, त्यात डोळे नापास झाले. मोतीबिंदू आहे आणि त्याच्या मागंही काही आहे. सपाट तळव्यांनी एक दार बंद केलं होतं, आता डोळ्यांनी दुसरं, असं ते हसत म्हणाले, पण हसू पोचलं नाही.

ते माझ्या बोलण्यामुळं आले असते तर मला बरं वाटलं असतं. डोळे चांगले असते तर काय केलं असतं, हे मी विचारलेलं नाही. एखादे वेळी त्यांनाही माहीत नसेल.

येऊन आता वर्ष होत आलं. सांगलीला डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, एकाला चांगलं दिसतं, दुसऱ्याला पुसट. नणंदेच्या यजमानांची तासगावला बेदाण्याची शेड आहे, हंगामात तिथं जातात. बाकी दिवस घरी. सासऱ्यांना अंघोळ घालतात, त्यांच्या डाव्या हाताला मालिश करतात. दोघं बापलेक अंगणात बसलेले असतात, फारसं न बोलता. एकदा सासऱ्यांनी त्यांना रूळ कसा जोडतात ते विचारलं आणि यांनी विळी, पातेलं, जे हाताशी होतं ते मांडून सगळं दाखवलं. मी डबा भरत ऐकत होते.

माणूस घरात असण्याची मला सवय नाही. कपाटात त्यांचे कपडे आले तेव्हा माझे कुठं ठेवायचे ते सुचेना. टीव्हीचा आवाज त्यांना मोठा लागतो. पहाटे उठून ते दार उघडतात आणि गेटपाशी नुसते उभे राहतात. कराडकडून गाडीचा भोंगा ऐकू आला तरी स्टेशनाकडं म्हणून गेलेले नाहीत. नव्या कामावर गेलेला त्यांचा एक जोडीदार अधूनमधून फोटो पाठवतो. भराव, खडी, रचून ठेवलेले रूळ. ते फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघतात, बोटांनी मोठं करतात आणि फोन पालथा ठेवतात. मी काही विचारत नाही. भांडण मात्र आमचं आता होतं. भाजीत मीठ किती, दिवा का चालू ठेवला, कशावरूनही. लेक म्हणते, तुम्ही दोघं म्हातारे झालात. मी म्हणते, अगं, आमचा संसार आत्ता कुठं सुरू झालाय.

काल मी ड्युटीवरून आले तेव्हा त्यांनी भाकरी करून ठेवल्या होत्या, कडा जाड, मधे पातळ. सासरे जेवून आडवे झाले होते. मी पाय धुऊन ओट्यापाशी खाली बसले, पाठ भिंतीला टेकली. त्यांनी आमटी गरम करायला ठेवली आणि विचारलं, आज गाडीला गर्दी किती होती, घाटात अडकली का, कोण कोण भेटलं. दिवसभर माणसांशी बोलून माझी जीभ जड झाली होती.

"आवं, उद्या सांगते," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि आमटी उतू जायला लागली म्हणून गॅस बारीक करायला वळले.